ऑफिसचा लॅपटॉप मिटल्यावर: घरचा कॉम्प्युटर, गेम्स आणि पुस्तकं

निळीशाई

सकाळी साडेदहाला स्टँडअप म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, मग कोड, रिव्ह्यू, तिकिटं, आणि संध्याकाळी अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल. हिंजवडी फेज दोनमधला माझा दिवस इथल्या बऱ्याच जणांच्या दिवसासारखाच आहे. रात्री जेवणं आटोपली की मी परत कॉम्प्युटर उघडून बसते. आई विचारते, "दिवसभर तेच केलंस ना गं? मग आता परत कशाला?"

माझ्या लेखी ते तेच नाही. म्हणून हा धागा.

ऑफिसच्या लॅपटॉपवर माझं असं काही नाही. ॲडमिन पासवर्ड आयटी सपोर्टकडे, पेनड्राइव्ह बंद, व्हीपीएन लावल्याशिवाय काही उघडत नाही, एखादं छोटं टूल टाकायचं तरी मंजुरी. ग्राहकांची माहिती त्यावर असते, त्यामुळे हे नियम हवेतच. पण शाळेत असताना मला कॉम्प्युटरची ओढ लागली ती वेगळ्या कारणाने. आत काय आहे ते बघता यायचं, बदलता यायचं, बिघडलं तर आपलं आपल्याला सुरू करता यायचं. ती ओढ पगाराच्या कामात भागत नाही. तिला स्वतःचं यंत्र लागतं, आणि ते महागडं असायची काही गरज नाही.

माझं यंत्र म्हणजे २०१६ साली घेतलेला लॅपटॉप, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे कागदोपत्री माझा लॅपटॉप बाद. "एक्स्चेंजमध्ये देऊन टाक," असं घरातल्या सगळ्यांचं मत पडलं. मी त्यात एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. आता तो इतका चपळ चालतो की ऑफिसचा नवा लॅपटॉप त्याच्यापुढे जड वाटतो, कारण याच्यावर सतत स्कॅन करत बसणारी सॉफ्टवेअर नाहीत.

रात्री त्याच्यावर डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, जुने गेम खेळते, बहुतेक वेळा प्रिन्स ऑफ पर्शिया. कॅलिबर या ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरमध्ये पुस्तकं लावून ठेवली आहेत. ती वाचते, किंवा रीडरवर चढवते. आणि कधी कधी नुसतं काहीतरी लिहून बघते. घरातल्या छापील पुस्तकांची यादी करणारी एक पायथनची स्क्रिप्ट आहे, तिला ना डेडलाइन ना रिव्ह्यू. ती हळूहळू वाढतेय आणि माझा तिच्यावर फार जीव आहे.

तुमच्याकडे काय चालतं? काम संपल्यावर कॉम्प्युटर नकोसा होतो की हवासा वाटतो? गेम कुठले, पुस्तकं कागदावर की पडद्यावर? सविस्तर लिहा, घाई नाही.

तपकीरगल्ली

वा, मनातला धागा. एसएसडीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खूप जण याच टप्प्यावर लॅपटॉप भंगारात देतात.

त्या काळातल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा हार्ड डिस्क असते. त्याच खाचेत साटा एसएसडी जशीच्या तशी बसते. चार-सहा स्क्रू, बस. लॅपटॉप हळू चालतो त्याचं कारण बहुतेक वेळा प्रोसेसर नसतोच. फिरत्या डिस्कवर काटा इकडून तिकडे जाऊन माहिती शोधतो, तो वेळ खातो. प्रोसेसर नुसता वाट बघत असतो. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे तोच प्रोसेसर एकदम मोकळा होतो.

रॅम वाढवायच्या आधी मात्र पाठ उघडून बघा. काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते, आणि सहाव्या पिढीत डीडीआर-थ्री-एल आणि डीडीआर-फोर दोन्ही प्रकार सापडतात, एकाची जागा दुसऱ्याला चालत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव कडाडलेत, एआयच्या सर्व्हरना सगळा माल जातोय. त्यामुळे आहे ती आठ जीबी असेल तर तीच राहू द्या, मिंट एक्सएफसीईला ती भरपूर होते. चार असली तरी चालेल, फक्त ब्राउझरमध्ये टॅबची गर्दी करू नका.

काढलेली हार्ड डिस्क टाकू नका. बुधवार पेठेत किंवा ऑनलाइन यूएसबीचं केसिंग मिळतं. त्यात घातली की बॅकअपची डिस्क झाली. पंखा आवाज करत असेल तर आतली धूळ काढून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घ्या. इतक्या वर्षांनी ती वाळून खडू झालेली असते. मी दिवसभर सर्व्हर सांभाळतो, रॅकमधले, हजार मैलांवरचे, कधी न पाहिलेले. घरी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की खऱ्या वस्तूशी गाठ पडते.

वाचनवेडी

निळीशाई, तुमचं लिखाण आवडलं, पण माझं अगदी उलट आहे. मी टेस्टिंगमध्ये आहे, ऐरोलीला. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या पडद्यांवर चुका शोधायच्या. घरी आल्यावर कुठलाही पडदा समोर आला की डोळे आपोआप चुका शोधू लागतात, हे बटण सरकलंय, ते अक्षर कापलं गेलंय. विश्रांती होतच नाही.

म्हणून घरी कागदच. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची सभासद आहे. १८९३ ची संस्था आहे ही. तिथे कपाटांसमोर उभं राहून पुस्तक निवडण्यात जो वेळ जातो तो मला हवा असतो. काही जण म्हणतात लोकलमध्ये वाच. ठाण्याहून ऐरोलीची गाडी अशी की पुस्तक उघडून मागचा संदर्भ लागेपर्यंत उतरायची वेळ होते. रात्री झोपण्याआधीचा वेळच खरा.

आणि डोळ्यांचं बघा सगळ्यांनी. पडद्याकडे बघताना पापण्या मिटण्याचं प्रमाण खूप कमी होतं, त्याने डोळे कोरडे पडतात. डोळ्यांचे डॉक्टर सांगतात तो नियम साधा आहे: दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे बघा. ऑफिसात खिडकीजवळची जागा मी त्यासाठीच मागून घेतली.

निळीशाई

वाचनवेडी, चुका शोधणाऱ्या डोळ्यांबद्दल वाचून थांबले. मला हे कधी सुचलं नव्हतं. माझ्या कामात मी पडदा बघत नाही, लॉग आणि कोड बघते, त्यामुळे रंगीत चित्रांचा गेम मला ऑफिसपेक्षा वेगळा वाटत असणार. कागदाचं म्हणाल तर माझ्याकडेही अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या पुस्तकांचा ढीग आहे. नवी मराठी कादंबरी मी कागदावरच घेते. पडद्यावर वाचते ती जुनी, बाजारात न मिळणारी किंवा तांत्रिक.

तपकीरगल्ली, केसिंगची कल्पना उचलली.

खेळगडी

प्रिन्स ऑफ पर्शियाचं नाव निघालं म्हणून लिहायला बसलो. मी गेम प्रोग्रामिंगमध्येच आहे, आणि या एका गेमने मला या धंद्यात आणलं, त्यामुळे लांबण लागेल.

हा गेम जॉर्डन मेकनर या एकट्या माणसाने ॲपल टू या कॉम्प्युटरवर लिहिला, १९८९ साली तो बाजारात आला. आपण भारतात खेळलो ती १९९० ची डॉस आवृत्ती. राजपुत्र ज्या सहजतेने धावतो, कड्याला लोंबकळतो, तोल सावरतो, तसं त्या काळी कुठल्याच गेममध्ये दिसत नव्हतं. त्याचं कारण असं की मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून एका पार्किंगच्या जागेत पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि एकेक चौकट हाताने आखून कॉम्प्युटरात उतरवली. संगीत वडिलांनी दिलं.

आता खरी गंमत. या हालचालींच्या चौकटींनी सगळी मेमरी खाऊन टाकली. तलवारबाजीसाठी शत्रू हवा होता, पण दुसऱ्या माणसाची चित्रं ठेवायला जागाच नव्हती. मग त्याने राजपुत्राचीच चित्रं घेतली, तीच एका बिटने सरकवली आणि मूळ चित्राशी एक्सॉर केली, म्हणजे दोन्ही चित्रांत जिथे फरक तेवढेच ठिपके ठेवले. पडद्यावर उमटली एक चमचमती सावली. मेमरीचा खर्च जवळपास शून्य. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारल्यावर जी बाहेर पडते ती हीच. पुढे ती आपलं औषध पिऊन टाकते, आपल्या तोंडावर दार लावते. बाराव्या लेव्हलला समोर उभी राहते, आणि तिला मारलं की आपलाही जीव कमी होतो. तलवार म्यान करायची आणि तिच्यात चालत जायचं, हा त्याचा उलगडा. गोष्टीतला सगळ्यात खोल प्रसंग जागेच्या टंचाईतून जन्मला. मी नव्या मुलांना शिकवताना हे उदाहरण कधी सोडत नाही. आज आमच्याकडे मेमरी गीगाबाइटमध्ये आहे आणि कल्पना सुचायला तितकीच अवघड.

मूळ सोर्स कोड हरवला होता. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना कपाटात मागे पडलेल्या खोक्यात फ्लॉप्या सापडल्या. जाणकारांनी त्यातली माहिती जपून बाहेर काढली आणि कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सगळ्यांसाठी ठेवला गेला. ६५०२ या प्रोसेसरची असेम्ब्ली भाषा आहे. निळीशाई, तुम्ही बॅकएंडवाल्या आहात, एखाद्या रविवारी उघडून बघाच. कॉमेंट वाचताना एक माणूस टेबलाशी बसून विचार करताना दिसतो.

डॉसबॉक्समध्ये गेम भलत्याच वेगाने पळत असेल किंवा अडखळत असेल तर कंट्रोल-एफ-अकरा आणि कंट्रोल-एफ-बारा वापरा, पहिल्याने वेग कमी, दुसऱ्याने जास्त. काही जुने गेम प्रोसेसरच्या वेगावर वेळ मोजायचे, म्हणून हा उपद्व्याप.

आणि पुण्यात राहून पुण्याचा गेम माहीत नाही असं होऊ नये. राजी हा २०२० चा गेम नॉडिंग हेड्स या पुण्यातल्या छोट्या स्टुडिओने केला आहे. सर्कशीत वाढलेली मुलगी भावाच्या शोधात निघते. मधले प्रसंग पहाडी चित्रशैलीतून सांगितलेत. लढाईचा भाग काही ठिकाणी तोच तोच वाटतो, पण वास्तू आणि प्रकाश बघून ऊर भरून आला. हे आपल्याकडे होऊ शकतं, हे त्यांनी करून दाखवलं.

सासवडकर

एज ऑफ एम्पायर्स, म्हणजे राज्य उभारून लढायचा गेम, खेळणारे कुणी आहेत का? हॉस्टेलमध्ये लॅनवर रात्र रात्र खेळायचो. आता ऑफिसातले आम्ही चौघे शुक्रवारी रात्री ऑनलाइन दुसरा भाग खेळतो, २०१९ ची डेफिनिटिव्ह आवृत्ती. मूळ गेम १९९९ चा. २०२२ मध्ये डायनॅस्टीज ऑफ इंडिया आलं आणि बंगाली, द्रविड, गुर्जर असे वेगवेगळे पक्ष मिळाले. त्याआधी सगळा हिंदुस्थान एका पक्षात कोंबलेला होता.

आमच्यातला एक आता टोरांटोला आहे. आमची रात्र म्हणजे त्याची दुपार, तो जेवणाची सुट्टी त्यात घालतो. फोनवर आम्ही फारसं बोलत नाही, पण लाकूडतोडे कुठे पाठवायचे यावरून भांडताना घरची सगळी खबर कळते. त्याच्या बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्हाला ते खेळतानाच कळलं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्यातला एक जण साताऱ्याला त्यांच्याकडे जाऊन आला. गेम म्हणजे वेळेचा अपव्यय असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो.

लिनक्सवर असाच फुकटचा गेम हवा असेल तर झिरो एडी बघा. सगळा कोड खुला आहे आणि त्यात मौर्य आहेत, हत्तींसकट.

ऑरेंजसिटी

नागपूरहून नमस्कार. आमच्या घरी गेम म्हणजे बुद्धिबळ. लीचेस ही साइट वापरतो. खुल्या कोडचं आहे, एकही जाहिरात नाही, देणग्यांवर चालतं. डाव संपला की स्टॉकफिश हे इंजिन कुठे चुकलो ते दाखवतं. मी डेटाबेसवर काम करतो, दिवसभर क्वेरीच्या योजना वाचतो, कुठली वाट स्वस्त पडेल ते बघतो. बुद्धिबळात तेच डोकं चालतं, पण समोर माणूस असतो.

जुलै २०२५ मध्ये आमची दिव्या देशमुख बाटुमीत महिला विश्वचषक जिंकली, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून, आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. त्या आठवड्यात माझ्या मुलीने कपाटावरचा लाकडी पट स्वतः खाली काढला. तेव्हापासून रोज जेवणानंतर एक डाव होतो. इंजिन आम्ही रविवारीच लावतो, एरवी आपापल्या डोक्याने शोधायचं असा नियम तिनेच केलाय.

एक विनंती. गेम्सच्या गप्पांत पैसे लावून खेळायची ॲप्स आणू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून त्यांच्यावर बंदी आणली ते फार बरं झालं. आमच्या ओळखीत एका घराची त्यापायी वाताहत झालेली पाहिली आहे. खेळ आणि तो प्रकार, यांचा एकमेकांशी संबंध नाही.

पानोपानी

पुस्तकांकडे वळतो. निळीशाई म्हणाल्या तसं, कॉम्प्युटर आपला असावा. मग त्यातली पुस्तकं आपली आहेत का?

किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून मिळू लागली आणि मी आनंदाने घेत सुटलो. ई-इंकच्या पडद्याचं मला फार कौतुक आहे. आत सूक्ष्म कुप्यांमध्ये काळे-पांढरे कण असतात, विजेचा दाब दिला की वर-खाली होतात, आणि एकदा पान उमटलं की ते टिकवायला वीज लागतच नाही. म्हणून बॅटरी आठवडे चालते. पण आपण विकत घेतो ते पुस्तक नसून वाचायचा परवाना असतो. २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण तसं करता येतं हे जगाला कळलं. फेब्रुवारी २०२५ पासून तर विकत घेतलेली फाइल कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने किंडलवर चढवायची सोयही बंद झाली.

गेम्सचंही तेच. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की डिजिटल दुकानांनी 'हा परवाना आहे' असं विकताना स्पष्ट सांगावं. गॉगसारखी ऑनलाइन दुकानं गेमची इन्स्टॉलर फाइल आपल्या हातात देतात, ती डिस्कवर ठेवता येते, पुढे दुकान बंद पडलं तरी गेम चालतो. मी आता पुस्तकं आणि गेम घेताना हेच आधी बघतो: फाइल माझ्याकडे राहते का?

शून्यएक

पानोपानी, सहमत. म्हणूनच मी मराठी पुस्तकांच्या पीडीएफ मित्रांना पाठवतो. कितीतरी चांगली पुस्तकं वर्षानुवर्षं छापली जात नाहीत. प्रकाशक नवी आवृत्ती काढत नाहीत, ई-पुस्तकही करत नाहीत. मग वाचकाने काय करायचं? स्कॅन करून ठेवली नाहीत तर ती नाहीशी होतील.

पानोपानी

शून्यएक, तुमची कळकळ खरी आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या.

आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन सगळ्यांचं आहे. ह. ना. आपटे, गडकरी तर केव्हाच मोकळे झाले. हे सगळं मनसोक्त वाटा. मराठी विकिस्रोतावर असं साहित्य युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखंच वाचता येईल अशा अक्षरांत, टंकून आणि तपासून ठेवायचं काम स्वयंसेवक करतात. स्कॅन करण्यापेक्षा तिथे रोज एक पान तपासलंत तर पुस्तक खरोखर टिकेल, शोधताही येईल. मी करतो, रात्री जेवणानंतर एक पान. माझी ही करमणूक आहे.

पण पुलं २००० साली गेले, त्यांचं लेखन २०६० संपेपर्यंत हक्कात आहे. आणि हयात लेखकाची कादंबरी व्हॉट्सॲपवर फिरते तेव्हा त्या लेखकाच्या पुढच्या पुस्तकाच्या जिवावर उठतो आपण. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला किती काळ लागतो ते तुम्हालाही ठाऊक आहे. आपण आयटीतले लोक, पुस्तकाच्या किमतीएवढे पैसे एका जेवणात घालवतो. निदान आपण तरी विकत घ्यावं.

शून्यएक

हयात लेखकांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. ते मीही पाठवणार नाही. न छापल्या जाणाऱ्या पुस्तकांबद्दल मात्र माझं समाधान झालेलं नाही. हक्क कुणाकडे आहे हेच जिथे कळत नाही, वारस सापडत नाहीत, प्रकाशन बंद पडलंय, तिथे साठ वर्षं थांबलं तर हाती कागदाचा भुगा येईल. स्कॅन करून निदान स्वतःजवळ तरी ठेवावं, या मताचा मी आहे. विकिस्रोताचं बघतो, दुवा कळवा.

ग्रंथमित्र

सरकारी खात्यात कॉम्प्युटर विभागात होतो, आता निवृत्त. युनिकोडचा उल्लेख आला म्हणून लिहितो.

आमच्या वेळी डॉसवर मराठी दिसायला कॉम्प्युटरात जिस्ट कार्ड बसवावं लागे. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं ते काम पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलं. पडद्यावर पहिल्यांदा नीट जोडाक्षर उमटलेलं पाहिलं तेव्हा कचेरीतले सगळे उठून टेबलाभोवती जमले होते. पुढे विंडोज आल्यावर वेगवेगळ्या कंपन्यांचे फॉन्ट आले. त्यात देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. म्हणून त्या काळच्या पीडीएफमधून मजकूर उचलला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ हाती येतो, आणि शोध घेतला तर काही सापडत नाही. शून्यएक, तुमच्याकडच्या कित्येक पीडीएफ तशा असतील. वाचायला पुस्तक, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने त्यात मराठी नाहीच. म्हणून पानोपानी सांगतात ते टंकून तपासायचं काम मोलाचं.

तुम्ही मंडळी बहुतेक रोमनमध्ये टंकून मराठी उमटवता. इन्स्क्रिप्ट शिकून बघा. १९८६ पासूनचा हा आराखडा सगळ्या भारतीय लिप्यांना सारखाच आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, त्यामुळे हात आलटून पालटून चालतात आणि लय लागते. के वर क, जे वर र, डी वर पाय मोडायचं चिन्ह. पहिला महिना चिडचिड होईल, पुढे मनातला शब्द थेट बोटांत उतरतो. लिनक्समध्ये आणि विंडोजमध्ये तो आधीपासून असतोच, वेगळं काही घ्यावं लागत नाही.

रोज सकाळी मी विश्वकोश वाचतो. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली सुरू झालेला, १९७६ साली पहिला खंड निघालेला. आता सगळा इंटरनेटवर मोफत आहे. एका नोंदीतून दुसरीत असा फिरत राहतो. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी शब्दकोश शोधता येतो, तोही असाच गुंतवून ठेवतो.

इझारकाठ

म्युनिकहून. लिनक्सचा विषय आहे म्हणून इथली एक गोष्ट. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये ठरवून आपले सुमारे १५ हजार कॉम्प्युटर लिनक्सवर नेले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचा निर्णय घेतला. मी इथे आलो तेव्हा कँटीनमध्ये यावर तावातावाने चर्चा चालायची. यंत्रणा चालवता येण्याइतकंच ती चालवायची राजकीय इच्छा टिकणं महत्त्वाचं, असं जुने सहकारी सांगायचे. घरच्या एका लॅपटॉपला ती अडचण नाही.

माझी संध्याकाळ मात्र बोर्ड गेमची असते. जर्मन लोकांचं हे वेड आता मलाही लागलंय. कटान हा १९९५ चा खेळ इथलाच, आणि दर ऑक्टोबरला एसेनला मोठी जत्रा भरते या खेळांची. आमच्यातली मराठी घरं महिन्यातून एकदा जमतात. टेबलावर डबे, चकल्या आणि पट. मुलं जर्मनमध्ये भांडतात, आम्ही मराठीत.

पुस्तकांसाठी इथल्या वाचनालयांची ऑनलायहे नावाची सोय आहे. ई-पुस्तक घरबसल्या उसनं मिळतं, मुदत संपली की आपोआप परत जातं. पानोपानी, तुम्ही म्हणता तसा तोही परवानाच, पण वाचनालयाकडून घेताना मला तो खटकत नाही. आपल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या ग्रंथालयांनी मराठीत असं काही उभं केलं तर परदेशातले आम्ही वर्गणी भरायला रांगेत उभे राहू. मनापासून सांगतो. इथे मराठी पुस्तक मिळवायचं म्हणजे कुणाच्या तरी बॅगेतल्या वजनाचा हिशेब करावा लागतो.

वाचनवेडी

इझारकाठ, हे मी आमच्या ग्रंथालयात बोलते. काय उत्तर मिळेल ते इथे लिहीन.

नवीनसभासद

सगळे प्रतिसाद वाचले. माझ्या बाबांकडे सातव्या पिढीचा लॅपटॉप आहे. ते बँकेचं काम, यूट्यूबवर कीर्तनं आणि मराठी बातम्या, एवढंच बघतात. मी कस्टमर सपोर्टमध्ये आहे, कोडिंग येत नाही. मिंट मला जमेल का? बाबांना झेपेल का? आणि विंडोज काढून टाकावंच लागेल का?

निळीशाई

जमेल, आणि त्यांना झेपेलही. त्यांची कामं सगळी ब्राउझरमधली आहेत, ती तशीच चालतील. आधी काही पुसायचं नाही. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, पण त्यावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामा असलेलाच घ्या. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवा आणि एचर नावाच्या साधनाने ती पेनड्राइव्हवर चढवा. बाबांचा लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला की आतल्या डिस्कला हात न लावता मिंट वापरून बघता येतं. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर चालतात का ते तेव्हाच तपासा. बाबांना तासभर वापरू द्या, अक्षरं मोठी करून द्या, मुद्दाम त्यांच्या नेहमीच्या साइट उघडायला सांगा.

आवडलं तरच पुढे. बसवायच्या आधी त्यांचे फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फाइल उघडतात याची खात्री करा. विंडोज शेजारी ठेवूनही मिंट बसवता येतं, इन्स्टॉलर तसा पर्याय देतो. मिंटच्या बावीस मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत, म्हणजे काही वर्षं तरी परत हा खटाटोप नाही.

मराठी टंकायला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा लेआउट जोडा, ग्रंथमित्र काका म्हणाले तो इन्स्क्रिप्ट. कुठे अडलात तर पडद्याचा फोटो इथेच टाका. शनिवारी सकाळी मी ऑनलाइन असते.

ग्रंथमित्र

आणि बाबांना ऱ लागेल तेव्हा सांगा, शिफ्ट धरून जे. त्याला पाय जोडून य दिला की 'दुसऱ्या', 'वाऱ्या' नीट उमटतं. ळ साठी शिफ्ट धरून एन.

नवीनसभासद

खूप आभार दोघांचे. पेनड्राइव्ह आहे घरात. शनिवारी बसतो बाबांना घेऊन.